मधल्या तारखा भरल्या की किनाराच का बिघडतो: मास्क असलेली रास्टर मालिका आणि पायथन

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या उपग्रह-रास्टरवर (पिक्सेलच्या चौकोनी जाळीतल्या आकड्यांवर) काम करणाऱ्यांकडून माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फायली वेगवेगळ्या असतात, बिघाड मात्र बहुतेक वेळा एकच असतो. तारखांची मालिका असते, तिच्यातल्या काही तारखा गायब असतात, समुद्र (किंवा समुद्राचा अभ्यास असेल तर जमीन) मास्क केलेला, म्हणजे झाकून गणनेतून वगळलेला असतो. पायथनमध्ये इंटरपोलेशन करून, म्हणजे अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांवरून अंदाज काढून, मधल्या तारखा भरल्या की आतल्या भागात नकाशा बरा दिसतो आणि किनाऱ्यालगत आकडे बिघडतात. घाटमाथ्यापलीकडे काम करणाऱ्याला कडेचे दोन पिक्सेल गेले तरी चालून जातं. आपल्याकडे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधला पट्टाच अरुंद आहे. हवामान विभागाच्या पाव अंशाच्या पर्जन्य-ग्रिडमध्ये एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा असतो, म्हणजे कोकणाच्या रुंदीत जेमतेम दोन चौकोन बसतात. त्यातला एक बिघडला तर अभ्यास निम्मा गेला.

लक्षणं

यातलं एखादं लक्षण ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा.

कोड विनातक्रार चालतो, पण एकही नवी तारीख तयार होत नाही.

सगळं रास्टर पांढरं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल नॅन (आकडा नसल्याची खूण). किंवा पहिलं वर्ष नीट भरलेलं आणि दुसरं वर्ष पूर्ण रिकामं.

किनाऱ्यालगत पावसाचा आकडा उणे ४८९ मिलिमीटर, किंवा जमिनीचं तापमान उणे १२३ अंश.

किनाऱ्यालगत एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) ०.१५. हे सगळ्यांत घातक लक्षण, कारण तो आकडा खरा वाटतो.

मास्क केलेल्या समुद्रात अचानक आकडे उगवतात.

निकालाचं रास्टर मूळपेक्षा आकाराने लहान येतं, कधी शून्य ओळींचं.

मालिकेच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा रिकाम्याच राहतात.

डास्क (मोठा डेटा चंकांत, म्हणजे तुकड्यांत हाताळणारी लायब्ररी) ‘एकापेक्षा जास्त चंक’ म्हणून अडतं, किंवा लॅपटॉप गोठतो.

जून ते सप्टेंबरचा आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ येतो.

या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट असते. रास्टरमध्ये पिक्सेल रिकामा असण्याची तीन निरनिराळी कारणं आहेत. तिथे समुद्र आहे, म्हणून आकडा कधीच असणार नाही. किंवा त्या दिवशी ढग होता, आकडा असायला हवा होता पण दिसला नाही. किंवा त्या तारखेची फाइलच नाही. एक्सअरे (अशा मालिका हाताळणारी पायथन लायब्ररी) या तिन्हींना नॅन हेच एक नाव देतं. पहिल्या प्रकाराला हात लावायचा नाही, दुसरा आणि तिसरा काही अटींवर भरायचा. हा फरक प्रोग्रामला आपण सांगितला नाही तर तो आपणहून करत नाही. खालच्या सगळ्या तपासण्या हे तीन प्रकार एकमेकांपासून सोडवण्यासाठी आहेत, आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या आहेत. क्रम मोडू नका. पहिल्या दोनमध्येच बहुतेक फायली सुटतात.

पहिली तपासणी: तारखा छापा आणि डोळ्यांनी वाचा

याला एक मिनिट लागतं. टाइम कोऑर्डिनेट छापा, लागोपाठच्या तारखांमधलं अंतर काढा, तेही छापा.

एक्सअरेचं ‘इंटरपोलेट_एनए’ फक्त अस्तित्वात असलेल्या तारखांमधले नॅन भरतं. मालिकेत १७ जून ही तारीखच नसेल तर भरायला तिथे काही नसतं, म्हणून कोड चालतो आणि काहीच बदलत नाही. आधी ‘रीइंडेक्स’ने पूर्ण तारखांची यादी द्यायची, म्हणजे गहाळ तारखांच्या जागी रिकामे थर तयार होतात, आणि मग ते भरायचे.

रीइंडेक्स करताना तारीख तंतोतंत जुळावी लागते. सेंटिनेल-२ (युरोपीय उपग्रह) कोकणावरून भारतीय वेळेनुसार सकाळी अकराच्या सुमारास जातो, म्हणून त्याच्या तारखेला ग्रिनिचच्या वेळेनुसार साडेपाचच्या आसपासची तास-मिनिटं चिकटलेली असतात. तुमची यादी मध्यरात्रीची. एकही जुळत नाही आणि सगळं रास्टर पांढरं होतं. आधी वेळ छाटून फक्त दिवस ठेवा. शेजारच्या दोन टाइल एकमेकींवर चढतात तिथे एकाच दिवसाचे दोन थर येतात. वेळ छाटल्यावर त्या तारखा सारख्या होतात आणि रीइंडेक्स अडतं, म्हणून आधी दिवसवार एकत्र करा.

मोडिसच्या (नासाच्या टेरा उपग्रहावरच्या सेन्सरच्या) १६ दिवसांच्या एनडीव्हीआयची गोष्ट वेगळी. त्याचे कालखंड दरवर्षी १ जानेवारीला नव्याने सुरू होतात. वर्षातला शेवटचा ३५३व्या दिवशी, म्हणजे साध्या वर्षात १९ डिसेंबरला सुरू होतो आणि पुढचा १ जानेवारीला, म्हणजे मधलं अंतर १३ दिवसांचं. तुम्ही सरसकट १६ दिवसांची यादी बनवली तर ती ४ जानेवारीवर जाते आणि दुसऱ्या वर्षाची एकही तारीख जुळत नाही. ‘पहिलं वर्ष नीट, दुसरं रिकामं’ याचं कारण हेच. यादी वर्षवार बनवून जोडा.

फाइलच्या नावात ०५-०६-२०२३ असं असेल तर पांडाज (तक्ते आणि तारखा हाताळणारी लायब्ररी) ते ६ मे वाचतं, कारण त्याचा गृहीत क्रम महिना-दिवस असा आहे. एकेक नाव सुटं वाचलं तर १७-०६-२०२३ मात्र १७ जून म्हणूनच वाचलं जातं, फार तर एक इशारा येतो. निम्म्या तारखा बरोबर, निम्म्या उलट. आपल्या सगळ्या कार्यालयांत दिवस आधी लिहितात, म्हणून फॉरमॅट नेहमी स्वतः सांगा. शेवटी मालिका तारखेप्रमाणे सॉर्ट करा. तारखा चढत्या क्रमात नसतील तर इंटरपोलेशन चालत नाही.

दुसरी तपासणी: रिकाम्या जागेचा आकडा कोणता आहे

किमान आणि कमाल किंमत छापा. उणे ९९९, उणे ३०००, उणे ९९९९ असं काही दिसलं तर मास्क लागलेलाच नाही. नोडेटाचा, म्हणजे रिकाम्या जागेसाठी ठरवलेला आकडा खऱ्या आकड्यासारखा गणितात शिरतो आहे.

हवामान विभागाच्या दैनिक पर्जन्य-ग्रिडमध्ये रिकाम्या जागी उणे ९९९ असतं. एका तारखेला २० मिलिमीटर आणि दुसरीला उणे ९९९, तर मधली तारीख उणे ४८९.५. मोडिसच्या भूपृष्ठ-तापमानात रिकामी जागा म्हणजे शून्य, आणि आकडे केल्व्हिनमध्ये. ३०० आणि ० यांच्या मधोमध १५०, म्हणजे उणे १२३ सेल्सिअस. हे निदान डोळ्याला खुपतात तरी.

एनडीव्हीआयचं तसं नाही. तिथे रिकाम्याचा आकडा उणे ३००० आहे आणि गुणक ०.०००१. कोणी आधी गुणक लावला आणि मास्क नंतरसाठी ठेवला, तर उणे ३००० चे उणे ०.३ होतात. ०.६ची आमराई आणि उणे ०.३ यांच्यामधली तारीख ०.१५ येते. ती सुक्या गवताची किंमत वाटते. नकाशात खटकत नाही, अहवालात जाते, आणि बाग सुकल्याचा निष्कर्ष निघतो. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी मास्क, मग गुणक, मग इंटरपोलेशन.

फाइल रिओएक्सअरे या लायब्ररीने उघडताना ‘मास्क्ड’ ट्रू दिलं नाही तर नोडेटाचा आकडा तसाच राहतो. रास्टरिओच्या ‘रीड’मध्येही तो पर्याय आपणच द्यावा लागतो. नेटसीडीएफ प्रकारची फाइल एक्सअरेने उघडली तर रिकाम्याचा आकडा आपोआप नॅन होतो, पण फाइलच्या माहितीत तो लिहिलेला असेल तरच. आणि पूर्णांक प्रकारात नॅन बसतच नाही, त्यामुळे आधी फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांच्या प्रकारात) बदला.

सेंटिनेल-२ वापरत असाल तर आणखी एक. २५ जानेवारी २०२२पासूनच्या प्रक्रियेत परावर्तनाच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर त्या तारखेला एनडीव्हीआय अचानक खाली येतो, आणि त्या तारखेच्या अलीकडचा-पलीकडचा डेटा धरून भरलेली प्रत्येक तारीख चुकीची. हा दोष इंटरपोलेशनचा नाही, पण खापर त्याच्यावर फुटतं.

तिसरी तपासणी: मास्क वाटेत गळतो आहे का

नमपाय या गणिताच्या लायब्ररीचे मास्क्ड अ‍ॅरे (मास्क जोडलेले आकड्यांचे संच) साध्या बेरीज-वजाबाकीत मास्क सांभाळतात. ‘इंटर्प’ला दिले की सांभाळत नाहीत. ते फंक्शन साधा अ‍ॅरे करून घेतं, मास्क टाकून देतं आणि मास्कखाली दडलेला आकडा वापरतं. म्हणजे दुसऱ्या तपासणीत पास झालेली फाइल इथे पुन्हा उणे ९९९ वर येते. उपाय सोपा: इंटरपोलेशनच्या आधी ‘फिल्ड’ने मास्कच्या जागी नॅन भरा, आणि प्रत्येक पिक्सेलच्या मालिकेतले फक्त नॅन नसलेले बिंदू ‘इंटर्प’ला द्या. मास्क हाताळताना ‘गेटमास्कअ‍ॅरे’ वापरा. एकही पिक्सेल मास्क नसेल तर साधा मास्क म्हणून नुसतं एक ‘फॉल्स’ मिळतं, पूर्ण आकाराचा अ‍ॅरे नाही, आणि ढग नसलेल्या डिसेंबरच्या एखाद्या तारखेला लूप तिथे मोडतो.

चौथी तपासणी: तुम्ही कुठलं इंटरपोलेट_एनए बोलावलं आहे

एकाच नावाची दोन फंक्शनं आहेत. एक्सअरेचं स्वतःचं ‘इंटरपोलेट_एनए’ सांगितलेल्या मितीवर, म्हणजे आपल्या कामात वेळेच्या मितीवर चालतं. रिओएक्सअरेचं, ‘रिओ’च्या मागून येणारं, त्याच तारखेतल्या शेजारच्या पिक्सेलवरून जागा भरतं. त्याची गृहीत पद्धत ‘निअरेस्ट’ आहे, म्हणून समुद्रात मालवणच्या माडांचा एनडीव्हीआय पसरलेला दिसतो. समुद्रात आकडे उगवले असतील तर कोडमध्ये पहिल्यांदा हेच शोधा.

पहिल्या आणि शेवटच्या तारखा रिकाम्या राहणं हा बिघाड नाही. एका बाजूला आकडाच नसताना वेळेच्या मितीवर इंटरपोलेशन होत नाही. ‘एक्स्ट्रापोलेट’ देऊन त्या भरता येतात, पण मी ते करू नका असंच सांगतो. मालिका दोन्ही टोकांना महिनाभर जास्त डाउनलोड करा आणि शेवटी कापा.

पाचवी तपासणी: कायमचा मास्क वेगळा ठेवा, आणि ग्रिड जुळवा

इथून काम थोडं जड होतं. किनाऱ्याचा मास्क वेगळ्या रास्टरमध्ये ठेवा, इंटरपोलेशन झाल्यावर ‘व्हेअर’ने पुन्हा लावा. ‘ज्या पिक्सेलला एकाही तारखेला आकडा नाही तो समुद्र’ अशी व्याख्या वापरतात. ती सोयीची असली तरी लाटेच्या फेसाने किंवा बोटीने एकदा जरी आकडा दिला तर तो समुद्र जमिनीत जातो. किनारारेषेवरून त्याच ग्रिडवर बनवलेला मास्क बरा.

‘त्याच ग्रिडवर’ हे शब्द महत्त्वाचे. एक्सअरे दोन रास्टर अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांवरून जुळवतं आणि जे जुळत नाही ते गाळतं. दहाव्या दशांशस्थानी फरक असला तरी ओळ गळते, आणि तुमचं रास्टर लहान होतं किंवा रिकामं होतं. ‘रीप्रोजेक्ट_मॅच’ने मास्क डेटाच्या ग्रिडवर आणा. संपूर्ण कोकण यूटीएम या नकाशा-प्रक्षेपाच्या ४३ उत्तर झोनमध्ये बसतं, त्यामुळे झोन बदलण्याची भानगड इथे नाही. नुसत्या नमपायमध्ये काम करणाऱ्यांनी दिशा बघावी: हवामान विभागाचं ग्रिड दक्षिणेकडून, साडेसहा अंशांपासून सुरू होतं, जिओटिफ बहुधा उत्तरेकडून. मास्क उलटा बसतो आणि नमपाय काही बोलत नाही.

खाड्यांमध्ये मात्र दोन रंगांचा मास्क पुरत नाही. दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, कुठलीही खाडी घ्या. उपग्रह ठरलेल्या वेळी येतो आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पाच दिवसांनी तीच जागा पाहिली तर पाणी चार तासांनी सरकलेलं असतं. एका तारखेला कांदळवनासमोर चिखलाचा पट्टा उघडा, पुढच्या तारखेला त्यावर पाणी. या दोहोंच्या मधली तारीख भरली तर जो पृष्ठभाग मिळतो तो कधी अस्तित्वातच नव्हता. मी तीन वर्ग करायला सांगतो: कायम जमीन, कायम पाणी, आणि भरती-ओहोटीचा पट्टा. तिसरा वर्ग इंटरपोलेशनमधून पूर्ण वगळा आणि नकाशावर तो वेगळ्या रंगात दाखवा. खार जमिनीचे बांध जिथे फुटले आहेत ती शेतंही याच वर्गात टाका.

सहावी तपासणी: खंड किती लांब आहे, आणि त्या काळात काय घडतं

कोड चालतो म्हणून खंड भरण्यासारखा आहे असं होत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणावर ढग असतात, आणि नेमकं त्याच काळात जमिनीवर सगळ्यांत जास्त बदल होतो. कातळसडा (उघड्या कातळाचं पठार) मेमध्ये करपलेला असतो. पहिल्या पावसानंतर तो झपाट्याने हिरवा होतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो आणि पाऊस गेल्यावर पुन्हा वाळतो. मेअखेरची स्वच्छ प्रतिमा आणि नोव्हेंबरची स्वच्छ प्रतिमा यांच्यामध्ये सरळ रेषा ओढली तर तो सडा वर्षभर तपकिरीच राहतो. भाताचंही तसंच: जूनमध्ये रोप, जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी. सरळ रेषेत भातशेती दिसतच नाही. आंबा-काजूची बाग वर्षभर हिरवी असते, तिथे महिन्याभराचा खंड सरळ रेषेने भरला तर फारसं नुकसान होत नाही. म्हणजे परवानगीचा खंड जमिनीच्या प्रकारावर ठरतो, एकच आकडा सगळ्या जिल्ह्याला लावू नये.

ही मर्यादा ‘मॅक्स_गॅप’ने घाला, ‘लिमिट’ने नको. लिमिट तीन दिलं आणि खंड दहा पायऱ्यांचा असेल तर पहिल्या तीन भरल्या जातात आणि सात रिकाम्या राहतात. मॅक्स_गॅप लांब खंड पूर्ण सोडून देतो. तो मोजतो खंडाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खऱ्या तारखांमधलं अंतर: पाच दिवसांच्या मालिकेत एकच तारीख गहाळ असेल तर खंड दहा दिवसांचा.

अंतर खऱ्या दिवसांत मोजलं जातं आहे ना, तेही बघा. एक्सअरे तसं करतं. पांडाजचं ‘इंटरपोलेट’ मात्र पद्धत न सांगितल्यास सगळ्या पायऱ्या समान अंतरावर धरतं. तिथे पद्धत ‘टाइम’ लिहावी लागते. आलेख गुळगुळीत हवा म्हणून क्युबिक वापरू नका. तो दोन बिंदूंच्या मध्ये वर-खाली उसळतो, एनडीव्हीआय १च्या वर आणि क्लोरोफिल शून्याखाली जातं. सरळ रेषा नकोच असेल तर ‘पीचिप’ ही न उसळणारी वक्र पद्धत वापरा. क्लोरोफिलसाठी आधी लॉग घ्या.

रोजचा पाऊस वेळेच्या मितीवर इंटरपोलेट करू नका. सोमवारी १०० मिलिमीटर आणि बुधवारी शून्य, यावरून मंगळवारबद्दल काहीच कळत नाही. दुसऱ्या स्रोताचा, जीपीएम आयमर्ग किंवा चर्प्सचा, त्या दिवसाचा आकडा घ्या, आणि हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो हे विसरू नका. समुद्राच्या पृष्ठ-तापमानाचं उलट आहे. ते हळू बदलतं, दोन-चार दिवस भरले तर चालतात. शिवाय पाव अंशाची, सप्टेंबर १९८१पासूनची, आधीच भरलेली ओआयएसएसटी मालिका मोफत आहे. तुमचं काम तिने भागत असेल तर इंटरपोलेशन करूच नका.

सातवी तपासणी: मेमरी

वेळेच्या मितीवर इंटरपोलेशन करायचं तर प्रत्येक पिक्सेलची पूर्ण मालिका एकत्र लागते. म्हणून डास्कमध्ये वेळेचा चंक एकच ठेवा, म्हणजे उणे १, आणि अक्षांश-रेखांशाचे तुकडे लहान करा. फायली एकेका तारखेच्या असल्याने आपोआप याच्या उलट चंक पडतात. सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटर. १० मीटरने त्याचे सव्वापाच कोटी पिक्सेल होतात. वर्षाच्या ७३ तारखा आणि फ्लोट३२ धरला तर नुसत्या एका निर्देशांकाची मालिका १५ जीबीच्या वर. फ्लोट६४ झाला तर दुप्पट. तालुकावार काम करा.

आठवी तपासणी: खरी तारीख लपवून बघा

हिला वेळ लागतो, पण निकालावर विश्वास ठेवायचा की नाही ते हीच सांगते. ढग नसलेली एक चांगली तारीख मुद्दाम नॅन करा, पूर्ण प्रक्रिया चालवा आणि भरलेला आकडा खऱ्याशी ताडून बघा. जानेवारीतली तारीख लपवून समाधान मानू नका, तेव्हा काहीच बदलत नसतं. जूनच्या सुरुवातीची किंवा ऑक्टोबरची लपवा. किनाऱ्यापासून एक-दोन पिक्सेलांतली चूक वेगळी काढा आणि आतल्या भागातली वेगळी. आणि प्रत्येक निकालासोबत एक जोड-रास्टर ठेवा: हा पिक्सेल मोजलेला, हा भरलेला, हा सोडलेला. पुढे ही फाइल वापरणाऱ्याला तुम्ही भेटणार नसता.

कुठे थांबायचं

लपवलेल्या तारखेवरची चूक तुम्ही शोधत असलेल्या बदलाएवढी किंवा त्याहून मोठी आली, तर कोड सुधारत बसू नका. डेटा पुरेसा नाही.

पावसाळ्यातलं भात बघायचं असेल तर ढगांतून पाहणारा रडार, सेंटिनेल-१, लागतो. त्याचं वाचन हे वेगळं शास्त्र आहे आणि ते जाणणाऱ्याकडेच न्यावं. समुद्रातल्या क्लोरोफिलचे आठवड्यांचे खंड भरायला डीआयएनईओएफसारख्या पद्धती आहेत. त्यासाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा हैदराबादचं इन्कॉइस (समुद्र माहिती केंद्र) इथल्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

तुमच्या आकड्यावर कोणाची पीकविमा-भरपाई, नुकसानीचा पंचनामा किंवा किनारा नियमनाची हद्द ठरणार असेल, तर भरलेला पिक्सेल पुरावा म्हणून देऊ नका. भरतीरेषा अधिकृत संस्थांनीच आखायची असते. अशा कामासाठी नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र किंवा दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडे जा. जाताना मूळ फायली, तारखांची छापलेली यादी, किनाऱ्याचा मास्क, मोजलेला-भरलेला सांगणारं जोड-रास्टर आणि आठव्या तपासणीचे आकडे सोबत न्या. नुसता शेवटचा रंगीत नकाशा नेला तर त्यांना पहिल्या तपासणीपासून सगळं पुन्हा करावं लागेल.